एक्झोडियाचा जमाखर्च: चाळीस पत्त्यांच्या एका कॉम्बो डेकचं प्रकरण

यू-गी-ओ या पत्त्यांच्या खेळाच्या जपानी कार्टून मालिकेच्या पहिल्याच भागात नायक युगी प्रतिस्पर्धी कैबाला हरवतो तो एक्झोडिया या राक्षसाचे पाच तुकडे हातात जमवून. हा नियम प्रत्यक्ष खेळातही आहे. ‘एक्झोडिया द फॉरबिडन वन’ आणि त्याचे दोन हात, दोन पाय असे पाचही पत्ते हातात आले की बाजी तिथेच संपते. हल्ला लागत नाही, प्रतिस्पर्ध्याचे ८००० लाइफ पॉइंट्स मोजावे लागत नाहीत. हा जिंकण्याचा नियम असल्यामुळे दुसरा पत्ता टाकून तो अडवताही येत नाही. पाचही पत्त्यांवर डेकमागे (खेळाडूच्या पत्त्यांच्या संचामागे) एकाचीच मर्यादा आहे, त्यामुळे एकही तुकडा हातचा गेला तर मार्ग बंद.

इथे या डेकची जुनी, सरळ जात घेतली आहे: ‘रॉयल मॅजिकल लायब्ररी’च्या जोरावर पहिल्याच फेरीत अख्खी डेक उपसणारी. लायब्ररी हा चौथ्या लेव्हलचा स्पेलकास्टर, म्हणजे जादूगार जातीचा मॉन्स्टर. हल्ला ०, बचाव २०००. कोणीही स्पेल (जादूचा पत्ता) खेळलं की ते पूर्ण होताना लायब्ररीवर एक स्पेल काउंटर (मोजणीची खूण) बसतो, जास्तीत जास्त तीन. तीन काउंटर काढले की एक पत्ता उचलायचा. हे एका फेरीत कितीदा करावं यावर मर्यादा नाही, आणि सगळी डेक याच एका ओळीवर उभी आहे.

नवखा खेळाडू अशी डेक बांधतो तेव्हा पहिली यादी साधारण अशी निघते:

एक्झोडियाचे ५ तुकडे, लायब्ररी ३, अपस्टार्ट गॉब्लिन ३, टून टेबल ऑफ कंटेंट्स ३, टून वर्ल्ड १, स्पेल पॉवर ग्रास्प ३, पॉट ऑफ ड्युॲलिटी ३, गोल्डन बांबू स्वोर्ड ३, ब्रोकन बांबू स्वोर्ड ३, इनटू द व्हॉइड ३, वन डे ऑफ पीस १, वंडर वाँड ३, पॉट ऑफ डिझायर्स ३, पॉट ऑफ एक्स्ट्रॅव्हगन्स ३. बेरीज ४०.

पत्ते उचलून देणारं जे जे सापडलं ते तीन-तीन घातलं आहे. कागदावर छान दिसतं. टेबलावर मात्र ही डेक पंधरा-वीस पत्त्यांनंतर कोरडी पडते, आणि दोष नशिबाला दिला जातो. प्रत्यक्षात दोष यादीतच आहे, आणि तो आकडेमोडीनं दाखवता येतो.

आधी मडक्यांचा, म्हणजे डिझायर्स आणि एक्स्ट्रॅव्हगन्स या ‘पॉट’ पत्त्यांचा, निकाल लावू. डिझायर्स दोन पत्ते देतं, पण त्यासाठी डेकचे वरचे दहा पत्ते पालथे बाद करावे, म्हणजे खेळातूनच काढावे लागतात. हातात एकही तुकडा नसेल तर पाचही तुकडे उरलेल्या ३५ पत्त्यांत आहेत. वरच्या दहांत त्यांतला एकही नसण्याची शक्यता जेमतेम १६ टक्के, म्हणजे सहापैकी पाच वेळा बाजी स्वतःच्या हातानं घालवायची. दोन तुकडे हातात असले तरी ६५ टक्के वेळा उरलेल्यांपैकी एखादा बाद होतोच. एक्स्ट्रॅव्हगन्सचा घात वेगळा आहे. ते खेळल्यावर त्या फेरीत कोणत्याही पत्त्याच्या इफेक्टनं (परिणामानं) पत्ता उचलता येत नाही, म्हणजे लायब्ररी शोभेची वस्तू होते. पॉट ऑफ प्रॉस्पेरिटीलाही हीच अट आहे. टून वर्ल्डऐवजी टून किंगडम घालण्याचा मोहही टाळावा, कारण ते येताना डेकचे वरचे तीन पत्ते पालथे बाद करतं. इतर डेकांत हे पत्ते उत्तम असतील. इथे नाहीत.

हे सहा पत्ते बाजूला ठेवले तरी डेक कोरडीच पडते. आता जमाखर्च मांडायचा.

एक्झोडियाची डेक किती उपसावी लागते? चाळीस पत्त्यांत पाच तुकडे विखुरले असतील तर शेवटचा तुकडा सरासरीनं ३४व्या जागी निघतो. तीस पत्ते पाहून झाल्यावर पाचही हाती असण्याची शक्यता फक्त २२ टक्के, ३५ नंतर ४९ टक्के, ३८ नंतर ७६ टक्के. शिवाय शोधून काढलेले पत्ते (टून टेबलनं आणलेले वगैरे) तुकडे नसतात, त्यामुळे लक्ष्य ३५ धरावं. पाच पत्ते सुरुवातीला हातात असतात, म्हणून डेकमधून तीस बाहेर यायला हवेत.

पहिल्या यादीची कमाल जमा अशी. थेट मिळणारे पत्ते: अपस्टार्टचे ३, व्हॉइडचे ३, गोल्डन बांबूचे २, वन डे ऑफ पीसचा १, ड्युॲलिटीचा १, मिळून १०. लायब्ररीचा बळी देऊन वंडर वाँडचे २. डेकमधून शोधून आलेले: टून टेबलच्या साखळीतून ३ (एक टून टेबल पुढचं टून टेबल किंवा टून वर्ल्ड आणतं), ग्रास्पमधून १ (तो आपलीच दुसरी प्रत आणतो). काउंटर एकूण २१, म्हणजे लायब्ररीचे ७ पत्ते. बेरीज २३. गरज ३०ची.

ही बेरीज प्रत्येक पत्ता योग्य वेळी हातात आला असं गृहीत धरून केलेली आहे. खरी बाजी याहून कमीच देते. म्हणजे सगळं मनासारखं घडलं तरी या डेकला सात पत्त्यांची तूट आहे.

तूट येते कुठून? गोल्डन बांबू, ग्रास्प, ड्युॲलिटी: या तिन्हींवर फेरीत एकदाच खेळण्याचं बंधन आहे. तीन-तीन प्रती घातल्या तर प्रत्येकाच्या दोन प्रती त्या फेरीत मृत. एकूण सहा. साध्या डेकमध्ये चांगल्या पत्त्याच्या तीन प्रती घालायच्या कारण तो सुरुवातीच्या हातात यायला हवा. इथे डेकचा बहुतेक भाग आपण बघणारच आहोत, त्यामुळे तो पत्ता कधीतरी येतोच. म्हणून प्रतींची संख्या ठरवताना पत्ता किती जबरदस्त आहे ते पाहू नये, तो त्या फेरीत किती वेळा चालतो ते पाहावं. हे एक सूत्र पाळलं की यादी निम्मी सुधारते.

दुसरं खातं सुरुवातीचं. लायब्ररी तीनच, आणि पहिला खेळाडू २०१४ पासून पहिल्या फेरीत पत्ता उचलत नाही. पाच पत्त्यांच्या हातात तिनांपैकी एक तरी असण्याची शक्यता ३३.८ टक्के. तीनपैकी दोन बाज्या सुरूच होत नाहीत. इथे उपयोगी पडतो समनर मंक. तो नॉर्मल समननं (फेरीत एकदाच मिळणाऱ्या साध्या मांडणीनं) येतो, हातातलं एक स्पेल टाकलं की डेकमधून चौथ्या लेव्हलचा मॉन्स्टर आणतो. लायब्ररी चौथ्याच लेव्हलची. तीन मंक घातले की सुरुवात देणारे पत्ते सहा होतात आणि शक्यता ५७.७ टक्क्यांवर जाते. दुसऱ्या क्रमांकानं खेळताना सहा पत्त्यांत ती ६५ टक्के होते, पण तोवर समोर प्रतिस्पर्ध्याची मांडणी तयार असते, त्यामुळे त्या आकड्यावर फार खूश होऊ नये.

मंक घेतला की ड्युॲलिटी जाते. ड्युॲलिटी खेळलेल्या फेरीत स्पेशल समन (इफेक्टनं मॉन्स्टर मैदानात आणणं) बंद असतो, आणि मंकचं काम स्पेशल समनचंच. सुरुवात नसलेल्या हातात ड्युॲलिटी लायब्ररी शोधेल म्हणावं, तर तीन पत्त्यांत ती निघण्याची शक्यता २४ टक्के. त्यासाठी मंक बांधून ठेवणं परवडत नाही.

मंकचा दुसरा फायदा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. त्याला टाकायला स्पेल लागतं, आणि मृत झालेली दुसरी गोल्डन बांबू किंवा दुसरा ग्रास्प हे स्पेलच आहेत. तिसरा फायदा सगळ्यात गोड. मंक स्वतः स्पेलकास्टर आहे, म्हणून लायब्ररी आणून झाल्यावर वंडर वाँड त्याच्यावर चढवायचं आणि दोन्ही कब्रस्तानात पाठवून दोन पत्ते उचलायचे. मंकचा ट्रिब्यूट (बळी) देता येत नाही, पण वाँड ट्रिब्यूट मागत नाही, नुसतं पाठवतं. पहिल्या यादीत हेच दोन पत्ते मिळवायला लायब्ररी मारावी लागत होती.

सुधारलेली यादी:

मॉन्स्टर ११: एक्झोडिया ५, लायब्ररी ३, समनर मंक ३.

स्पेल २९: अपस्टार्ट गॉब्लिन ३, टून टेबल ऑफ कंटेंट्स ३, टून वर्ल्ड १, इनटू द व्हॉइड ३, वन डे ऑफ पीस १, गोल्डन बांबू स्वोर्ड २, ब्रोकन बांबू स्वोर्ड २, स्पेल पॉवर ग्रास्प २, वंडर वाँड ३, डबल समन २, मॅजिकल मॅलेट ३, टेराफॉर्मिंग १, मॅजिकल सिटाडेल ऑफ एंडिमियन १, गॅदर युअर माइंड २.

ट्रॅप एकही नाही. पहिल्याच फेरीत संपवायचं असेल तर पालथा ठेवायचा पत्ता म्हणजे नुसता बोजा.

हिचा जमाखर्च: थेट ११ (अपस्टार्ट ३, व्हॉइड ३, पीस १, गोल्डन २, वाँड २). शोधून ६ (टून टेबल ३, टेराफॉर्मिंगनं आणलेली सिटाडेल १, ग्रास्प १, गॅदरनं आणलेली आपलीच दुसरी प्रत १). मंकनं डेकमधून ओढलेली लायब्ररी १. एका लायब्ररीवर काउंटर २६, त्यांचे ८ पत्ते. निम्म्या वाटेवर डबल समननं (त्या फेरीत दुसरा नॉर्मल समन देणाऱ्या स्पेलनं) दुसरी लायब्ररी उभी राहिली तर आणखी सुमारे ४, कारण तिथून पुढे प्रत्येक स्पेल दोन्हींवर काउंटर ठेवतं. सिटाडेल फेरीत एकदा लायब्ररीच्या काउंटरऐवजी आपले काउंटर भरते, तो १. एकूण ३१. गरज ३०.

शिल्लक एका पत्त्याची, तीही कमाल हिशेबात. म्हणून मर्यादांच्या यादीकडे (कोणत्या पत्त्याच्या किती प्रती चालतात त्या अधिकृत यादीकडे) लक्ष ठेवणं भाग आहे. अपस्टार्ट, टेराफॉर्मिंग, वन डे ऑफ पीस यांच्यावर वेळोवेळी एकाची मर्यादा आलेली आहे, आणि टीसीजी (पाश्चात्त्य आवृत्ती), ओसीजी (जपान-आशियातली आवृत्ती) व मास्टर ड्युएल (डिजिटल आवृत्ती) यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. तुमच्या ठिकाणी अपस्टार्ट एकच चालत असेल तर दोन पत्ते आणि दोन काउंटर जातात. ३१चे २८ होतात आणि डेक पुन्हा तुटीत. अशा ठिकाणी ही डेक गमतीपुरतीच ठेवावी.

आता एक हात शेवटपर्यंत नाही, पण मध्यापर्यंत खेळून पाहू. सुरुवातीला मंक, टून टेबल, अपस्टार्ट, गोल्डन बांबू, डावा पाय.

हात पाहताच अपस्टार्ट खेळावासा वाटतो. थांबायचं. लायब्ररी मैदानात नसताना खेळलेलं प्रत्येक स्पेल म्हणजे वाया गेलेला काउंटर.

मंक नॉर्मल समन. टाकायला स्पेल हवं. टून टेबल म्हणजे पुढचे चार काउंटर, ते टाकायचं नाही. अपस्टार्ट स्वतःची भरपाई करतो, तोही नाही. गोल्डन बांबूला मैदानात दुसरी बांबू तलवार लागते, ती हातात नाही, आणि गोल्डनची दुसरी प्रत डेकमध्ये आहे. गोल्डन जाते, लायब्ररी येते.

टून टेबल खेळून दुसरं टून टेबल आणा, त्यानं तिसरं, तिसऱ्यानं टून वर्ल्ड. लायब्ररीवर तीन काउंटर. टून वर्ल्ड खेळण्याआधी ते तीन काढून पत्ता उचला. तीनच्या वर काउंटर बसत नाही, त्यामुळे घाईत टून वर्ल्ड टाकलं तर चौथा हवेत जातो. नवशिक्यांची सर्वाधिक गळती याच जागी होते. समजा हा पत्ता वंडर वाँड निघाला.

१००० लाइफ पॉइंट्स भरून टून वर्ल्ड: एक काउंटर. मग अपस्टार्ट: दोन. अपस्टार्ट टून साखळीनंतर खेळण्याचं कारण असं की तीन निरुपयोगी पत्ते डेकमधून आधीच निघालेले आहेत, त्यामुळे उचललेला पत्ता कामाचा असण्याची शक्यता वाढते. प्रतिस्पर्ध्याला १००० मिळाले तर मिळोत. समजा अपस्टार्टनं ग्रास्प दिला.

हातात डावा पाय, वाँड, ग्रास्प. लायब्ररीवर दोन काउंटर. ग्रास्प स्वतः एक काउंटर ठेवतो आणि स्पेल म्हणून त्याचा एक बसतो, मिळून दोन. आता खेळला तर एक वाया. म्हणून आधी वाँड मंकवर: तिसरा काउंटर, लगेच काढून एक पत्ता. मग मंक आणि वाँड पाठवून दोन पत्ते. लायब्ररी रिकामी झाली, आता ग्रास्प: दोन काउंटर आणि दुसरा ग्रास्प हातात. हा या फेरीत चालणार नाही, पण पुढच्या मंकचा चारा किंवा मॅलेटचा माल आहे. ग्रास्पची उत्तम वेळ लायब्ररीवर शून्य किंवा एक काउंटर असताना.

डेक ३५ वरून २५ वर आली. हातात पुन्हा पाच पत्ते: डावा पाय, मृत ग्रास्प आणि तीन नवे. लायब्ररीवर दोन काउंटर. पाच पत्त्यांनी सुरुवात करून दहा पत्ते डेकबाहेर काढले आणि हात तितकाच राहिला, म्हणजे डेक चालते आहे. याच टप्प्यावर हात तीनवर आला असेल आणि त्यात दोन तुकडे असतील तर जवळपास अडकलात.

पुढच्या टप्प्यात मॅलेट कधी खेळावं हा खरा निर्णय. मॅलेट हातातले हवे तितके पत्ते डेकमध्ये परत पिसून तितकेच नवे देतं. डेक २५ची असताना तीन मृत पत्ते परत टाकले तर २८त तीन कचरा. डेक सहाची असताना तेच केलं तर नऊत तीन. म्हणून मॅलेट मध्यावर, शेवटासाठी राखून नाही. तुकडे कधीही परत टाकायचे नाहीत हे सांगायला नको, तरी घाईत होतं.

व्हॉइडला हातात किमान तीन पत्त्यांची अट आहे आणि फेरीच्या शेवटी अख्खा हात टाकावा लागतो. ज्या फेरीत जिंकणार त्या फेरीत ही शिक्षा लागत नाही. म्हणूनच सुरुवात न मिळालेल्या हातात तो खेळू नये. खेळलात तर तुकडेही कब्रस्तानात जातील. अशा हातात पीस खेळून प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या फेरीचं नुकसान टाळायचं आणि लायब्ररीची वाट पाहायची. पीस प्रतिस्पर्ध्यालाही एक पत्ता देतं, हे त्याचं भाडं.

अल्युअर ऑफ डार्कनेस घालावं का, हा प्रश्न नेहमी येतो. दोन पत्ते मिळतात, पण मग हातातला एक डार्क (अंधार-गुणाचा) मॉन्स्टर बाद करावा लागतो, नसेल तर पूर्ण हात टाकावा लागतो. या यादीत डार्क म्हणजे मंक आणि एक्झोडियाचे पाच तुकडे. लायब्ररी लाइट आहे. जास्तीचा मंक हातात असेल तेव्हाच ते सुरक्षित, आणि तसं नेहमी नसतं.

प्रतिस्पर्ध्याच्या हातातून येणारे अडथळे सारखे नाहीत. अ‍ॅश ब्लॉसम एक शोध किंवा एक उचल अडवते. टून साखळीच्या पहिल्याच टून टेबलवर पडली तर तीन काउंटर जातात. इन्फिनिट इम्पर्मनन्स आणि इफेक्ट व्हेलर लायब्ररीचा इफेक्ट त्या फेरीपुरता बंद करतात. घोस्ट ओगर पत्ता उचलण्याच्या क्षणी लायब्ररीच फोडते. या तिघांनंतर डबल समन आणि दुसरा मंक किंवा लायब्ररी हातात असेल तर गाडी पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणून डबल समन पहिल्या पाच स्पेलांत उधळू नये. निबिरूची (खूप समन झाल्यावर मैदान साफ करणाऱ्या मॉन्स्टरची) भीती नाही, समनच मोजके होतात. ड्रोल अँड लॉक बर्डनं मात्र सगळं थांबतं. एक पत्ता डेकमधून हातात आला की उरलेल्या फेरीसाठी कोणालाच डेकमधून पत्ता घेता येत नाही. प्रतिस्पर्ध्यानं ड्रोलच्या तीन प्रती ठेवल्या असतील तर त्याच्या पाच पत्त्यांत एक तरी असण्याची शक्यता तीच ३३.८ टक्के.

यावर कॉल्ड बाय द ग्रेव्हसारखं (असे अडथळे रद्द करणारं) उत्तर घालता येतं. तेही स्पेलच असल्यामुळे काउंटर मिळतो, पण स्वतःची भरपाई करत नाही: एक पत्ता गेला, तृतीयांश परत आला. दोन प्रती घातल्या की जमाखर्चात सव्वा पत्त्याहून थोडी जास्त तूट येते, आणि शिल्लक तर एकाचीच होती. जागा करायची असेल तर गॅदर युअर माइंडच्या दोन प्रती काढाव्यात. मॅलेट किंवा वाँडला हात लावू नये.

चाचणी घेताना नुसतं जिंकलो की हरलो लिहून भागत नाही. एकट्यानं खेळताना प्रत्येक अडकलेल्या बाजीत डेकमध्ये किती पत्ते उरले आणि हातात कोणते मृत पडले होते ते टिपून ठेवा. ब्रोकन बांबू वारंवार गोल्डनशिवाय पडून राहत असेल तर चारही बांबू पत्ते काढून पाहा. डेक दहा-बाराच्या आसपास अडकत असेल तर दुसरी लायब्ररी उशिरा येते आहे, तिथे डबल समनची तिसरी प्रत विचारात घ्या. काउंटरसाठी लायब्ररीवर फासा ठेवा, मनात मोजू नका. दोन लायब्रऱ्या असतील तर दोन वेगळ्या रंगांचे फासे.